आभाळाची वही

एप्रिलचे दिवस, सकाळची शाळा. सातवीच्या वर्गावर शेवटचा तास चित्रकलेचा होता आणि पत्र्याखाली लेकरं घामानं निथळत होती. विषय दिला होता 'आमचं शिवार'. मी बाकांमधून फिरत, वाकून बघत चाललो होतो. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं चित्र जवळजवळ पूर्ण झालं होतं. नांगरून पडलेलं रान, ढेकळं एकेक करून काढलेली, बांधावर लिंब, लिंबाखाली रिकामी दावण. आणि वर आभाळ. पांढऱ्यात पिवळा आणि थेंबभर तपकिरी कालवून तिनं आभाळाला एक मळकट हात दिला होता. कागद अजून ओला होता. मी तिच्याच हातातला ब्रश घेतला, डबीतल्या निळ्या वडीवर दोनदा फिरवला आणि डावीकडून उजवीकडे एक रुंद पट्टा ओढला. "आभाळ निळं असतं बाळा," म्हणालो. तिनं आधी चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कव्हा असतंय सर?"

यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. मुक्कामी एस.टी. कव्हा येती, दवाखान्यात डॉक्टर कव्हा बसतेत, तसं तिनं विचारलं. म्हणजे मी वेळ सांगितली असती तर तिनं त्या वेळेला जाऊन बघितलं असतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात घंटा झाली, दप्तरं उचलली गेली आणि वर्ग रिकामा झाला. तिचं चित्र वाळायला खिडकीतच राहिलं. निळा पट्टा ओल्या मळकट रंगात उतरून त्याच्या कडेला हिरवट डाग पडला होता.

मोटरसायकलला किक मारण्याआधी मी मैदानात उभा राहून वर बघितलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, वीस वर्षं चित्रकला शिकवणारा, पण भर उन्हात आभाळाचा रंग बघायला असा मुद्दाम कधी थांबलो नव्हतो. कल्हई उडालेल्या पातेल्याच्या आतल्या अंगासारखं होतं ते. सूर्याभोवती पांढरं, खाली क्षितिजाला पिवळट, बालाघाटाची रांग तर त्या धुरकटात निम्मी विरून गेलेली. एप्रिलमध्ये आमच्याकडं रानं नांगरून उघडी पडलेली असतात, दुपारी वावटळी सुटतात, बारीक धूळ दिवसेंदिवस खाली बसत नाही. त्या कणांवरून सगळ्याच रंगांचा उजेड सारखा विखुरतो आणि निळेपणा पांढरटात बुडून जातो. मला हे माहीत होतं. पण ते विज्ञानाच्या पुस्तकात ठेवलं होतं, चित्रकलेच्या तासाला आणलं नव्हतं. तिनं आणलं होतं. तिनं तिन्ही रंगांचं मिश्रण करून तो रंग बरोबर काढला होता आणि मी त्यावर ब्रश फिरवला होता.

मला जास्त लागलं ते हे ब्रश फिरवणं. मला शिकवणारे सर विद्यार्थ्याच्या चित्राला कधी हात लावत नसत. तांब्या, पाट आणि दोन कांदे मांडून ते आमच्याकडून वस्तुचित्र काढून घ्यायचे. तांब्याचा गळा तिरपा झाला की कागदाच्या समासात पेन्सिलनं बोटभर तांब्या काढून दाखवायचे आणि पुढं जायचे. खोडायचं की नाही, किती खोडायचं, हे आमच्यावर. एकदा एका मुलानं "सर, तुम्हीच करून द्या ना" म्हणत खोडरबर पुढं केला, तेव्हा ते म्हणाले होते, "कागद तुझा आहे. समास माझा." कलाशिक्षकाची ए.टी.डी. पदविका करून मी नोकरीला लागलो तेव्हा हे वाक्य सोबत आणलं होतं. नंतर पन्नास-साठ मुलांचे वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातही परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा, अशा धबडग्यात समास कधी ओलांडला गेला कळलं नाही. वेळ वाचतो म्हणून ब्रश घ्यायचो. चित्र देखणं दिसायचं, लेकरूही खूश व्हायचं. त्यामुळं आपण काही काढून घेतोय असं वाटायचंच नाही.

त्या उन्हाळ्यात सुट्टी लागण्याआधी शाळेचं कपाट आवरत होतो. रंगांच्या तीसेक डब्या शाळेच्या मालकीच्या आहेत, पुसून, मोजून ठेवाव्या लागतात. मी 'निसर्गचित्र काढा' म्हणायचो त्या काळात सगळ्यात आधी निळा संपायचा. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, तिथून निघून पुढं रुंद होत येणारी नदी, नदीत होडी, काठाला नारळ, कौलारू घर. आमच्या गावात होडी कुणी बघितलेली नाही, नारळ किराणा दुकानातून येतो आणि घरं एक तर पत्र्याची, स्लॅबची किंवा जुनी माळवदाची. तरी पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक लेकरू हेच चित्र काढायचं, कारण त्याच्या आधीच्यानं हेच काढलेलं असायचं. मग मी विषय बदलले. आमचं शिवार, आमची गल्ली, पोळा, आठवडी बाजार. त्यानंतर तपकिरी आणि पिवळ्या वड्यांना खड्डे पडायला लागले, काहींचा तर खालचा पांढरा प्लास्टिक दिसायला लागला आणि निळ्या वड्या जवळजवळ कोऱ्या. दरवर्षी मी ते बघत होतो, तपकिरीच्या जास्तीच्या वड्या मागवत होतो. लेकरं काय सांगतायत हे त्या डब्यांत लिहिलेलं होतं.

एक वर्ष मात्र निळा रंग पुरला नव्हता. 2016 चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत 50 हजार लिटर. आमच्या लेकरांनी ती गाडी टीव्हीवर बघितली होती आणि वर्गात विषय न देताच आगगाड्या निघायला लागल्या. काहींनी तर खरी आगगाडी तोवर डोळ्यांनी बघितलेली नव्हती. वाघिणी गोल, चाकं बैलगाडीसारखी आरे असलेली आणि प्रत्येक वाघीण गच्च निळी. बाहेरून दिसणारं लोखंड कुणीच रंगवलं नाही, आतलं पाणीच रंगवलं. त्याच चित्रांत वरचं आभाळ कोऱ्या कागदाचं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "आभाळ राहिलं की रे." एका पोरानं सांगितलं, "निळा सपला सर." मला वाटलं, डबीतला संपला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तीच मुलं आठवीत आली. मी प्रत्येकाकडून चाळीस पानी वही शिवून घेतली आणि पानापानावर एकेक इंचाचे चौकोन आखून घेतले. परिपाठ संपला की पाच मिनिटं मैदानातच उभं राहायचं, वर बघायचं आणि त्या दिवसाचं आभाळ त्या दिवसाच्या चौकोनात भरायचं. खाली फक्त तारीख. ढग, सूर्य, पक्षी काहीच काढायचं नाही, नुसता रंग. एका मुलानं पहिल्याच दिवशी विचारलं, याला मार्क किती. मी सांगितलं, याला मार्क नाहीत. त्यावर बऱ्याच जणांचा उत्साह मावळला. खोटं का सांगू, दिवाळीपर्यंत सव्वीसातले नऊ-दहाच मनापासून भरत होते. बाकीचे शनिवारी बसून आठवड्याचे सहा चौकोन एकदम रंगवायचे. ते लगेच ओळखू यायचं, कारण सहाही चौकोनांना एकाच ओल्या ब्रशचा रंग असायचा.

डबीतले रंग पुरेनात, म्हणून माती आली. माती आणायला सांगितल्यावर लेकरांनी जे शोधलं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. गढीची पांढरी, विहिरीच्या खोदकामातला लाल मुरूम, ओढ्याचा राखी गाळ, गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, मामाकडं गेलेल्या एकानं तिथली काळीभोर चिकणमाती आणली. ती बादलीत कालवायची, खडे आणि वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं नितळ पाणी हळूच सांडून द्यायचं. तळाशी साय धरल्यासारखी जी माती उरते ती बोटांच्या चिमटीत घेतली तर लोण्यासारखी लागते, कणही जाणवत नाही. ती सावलीत वाळवून त्यात बाभळीचा डिंक घातला की रंग तयार. डिंक कमी पडला तर वाळल्यावर चित्रावरून भुकटी उडते, जास्त झाला तर तडे जातात. हे प्रमाण मुलींना लवकर कळलं, पीठ मळायची त्यांच्या हाताला सवय असते. हळदीत चुना कालवल्यावर पिवळ्याचं एकदम कुंकू होतं ते बघून सगळा वर्ग ओरडला होता. पण नुसत्या हळदीनं रंगवलेले चौकोन खिडकीच्या उन्हात महिन्याभरात उडून गेले, त्या तारखांची आभाळं आता वहीत जवळजवळ कोरी आहेत. एक पोरगा विहिरीच्या सुरुंगातून निघालेला दगड घेऊन आला. दगडाच्या पोकळीला आतून मळकट हिरवं अस्तर होतं. ते खिळ्यानं खरवडून, वरवंट्यानं वाटून चमचाभर हिरवा मिळाला. पांढरा, पिवळट, लाल, काळा, हिरवा. पाच रंग गावाच्या शिवेत सापडले.

निळा सापडला नाही.

याचं लेकरांना फार नवल वाटलं. डोक्यावर एवढं मोठं निळं, असं पुस्तक म्हणतं, आणि पायाखाली त्याचा कणही नाही. जानेवारीत आठवीची सहल अजिंठ्याला नेली तेव्हा पहिल्या लेण्यात हाच विषय निघाला. आत मिणमिणता उजेड, मागून येणारे लोक पुढं सरका म्हणणारे, आणि आमची पोरं पद्मपाणीच्या चेहऱ्याऐवजी भिंतीचा पोपडा निघालेली जागा निरखत उभी होती. त्यांना तिथली माती ओळखू आली. "सर, ह्यात भुसकट हाय," एक जण म्हणाला, आणि खरंच होतं, भिंतीवर लिंपलेल्या मातीत धान्याचा तूस आणि काड्या कालवलेल्या आहेत. मग मी त्यांना सांगितलं की इथला गेरू, पिवळी माती, चुना, काजळी आणि दगडात मिळणारा तो हिरवा, सगळं आपल्यासारखंच आसपासचं. निळा तेवढा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला, लाजवर्दाचा दगड कुटून केलेला. शेकडो कोसांवरून आलेला तो रंग त्या लोकांनी फार जपून, मोजक्या जागी लावलाय. दीड हजार वर्षांपूर्वी याच मराठवाड्यात बसून कुणीतरी पाच रंग पायाखालचे घेतले आणि सहाव्यासाठी व्यापाऱ्यांच्या तांड्याची वाट बघितली, या गोष्टीनं मीही त्या अंधारात जरा वेळ गप्प झालो. पण खिडकीजवळच्या बाकावरची ती सहलीला नव्हती. ती दिवाळीतच आई-बापाबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेली होती.

तिच्याविषयी मधलं थोडं सांगायचं राहिलं. सप्टेंबरात चार दिवस पाऊस लागून राहिला आणि पाचव्या दिवशी उघडलं. परिपाठाच्या रांगेतून ती जवळजवळ धावतच माझ्याकडं आली.

"आज हाय सर."

मला आधी कळलंच नाही काय आहे. तिनं हनुवटीनं वर दाखवलं. धुऊन निघालेलं आभाळ, एवढं निळं की डोळे आपोआप बारीक व्हावेत. पाच महिने तिनं तो प्रश्न सांभाळून ठेवला होता आणि आता मला उत्तर आणून दिलं होतं. तिचा त्या दिवसाचा चौकोन आज्याच्या धोतरजोडीच्या निळीचा होता, धोतर धुताना घालतात ती नीळ, कागदाच्या पुडीत बांधून आणलेली. पुडी तिनं जूनपासून दप्तरात ठेवली होती, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

त्याच महिन्यात एलिमेंटरीची, म्हणजे चित्रकलेची सरकारी परीक्षा होती. इथं माझं वागणं मला अजून नीट उलगडत नाही. स्मरणचित्राच्या सरावाला मी सगळ्यांना सांगितलं की परीक्षेत आभाळ निळंच द्या, स्वच्छ, एकसारखा हात मारा. तपासणारा कुठला असेल, त्याला आपलं मळकट आभाळ म्हणजे घाण झालेला रंग वाटेल. एलिमेंटरी झाली की पुढं इंटरमिजिएट, आणि तिथं ए श्रेणी आली तर दहावीला 7 गुण वाढतात. ज्या घरात दहावी होणारं पहिलंच लेकरू आहे तिथं 7 गुण म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. मी ते गुण सोडा असं कुठल्या तोंडानं सांगणार होतो? सगळ्यांनी ऐकलं. तिनंही ऐकलं. परीक्षेहून आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "निळं दिलं सर." श्रेणी चांगली आली, निकाल लागला तेव्हा ती इथं नव्हती. मी चुकलो असं म्हणवत नाही, बरोबर केलं असंही म्हणवत नाही.

दिवाळीनंतर आमच्या वर्गांची पटसंख्या कागदावर तीच राहते आणि बाकं रिकामी होतात. टोळ्या निघतात, ट्रक भरतात, मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळं थांबायचा प्रश्नच नसतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत किंवा हंगामी वसतिगृहात सोय होते ती लेकरं राहतात. तिचा भाऊ लहान, त्याला सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून ती गेली. जाताना वही मागायला आली. मी वहीसोबत लाल मुरमाच्या रंगाची एक डबी दिली, झाकणाला चिकटपट्टी लावून.

यंदा मार्चच्या शेवटी पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला आणि ती आली. उंच झालेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. वहीचे कोपरे वळले होते, मधल्या पानांना कसलातरी गोड वास येत होता. मधल्या सुट्टीत ओसरीवर बसून मी पानं उलटली. नोव्हेंबरपासूनचे चौकोन काळे. सगळे सारखे काळे मात्र नव्हते. चुलीच्या काजळीत राख कमी-जास्त करून एकाला कडेनं करडी छटा, एकाला वरून पातळ झालेला काळा, एकात नखानं खरवडलेलं बारीक पांढरं. पहाटे तीनला आई-बाप फडात जायचे, तेव्हा उठून कोपीच्या, तोडकऱ्यांच्या झोपडीच्या, बाहेर यायचं आणि बघायचं, तिची परिपाठाची वेळ ती झाली होती. मधेच कधीतरी संध्याकाळचा चौकोन लागायचा, त्यात माझी दिलेली लाल माती पाण्यात खूप पातळ केलेली. संक्रांतीच्या आसपास ती लाल संपत गेलेली दिसते, दोन-तीन चौकोन फिकट, आणि मग एकदम गडद, चिकट तपकिरी सुरू होतो. कृष्णाकाठची माती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, तिनं तिकडच्या ओढ्यात ती नितळून घेतली होती. दुधाच्या पिशवीत उरलेला गोळा तिनं मला दाखवायला आणलाही होता. मी तो बोटांत चुरून बघितला. कण लागला नाही.

फेब्रुवारीच्या पानावर तीन चौकोन कोरे होते. लागोपाठ तीन. तारखा मात्र नीट लिहिलेल्या, पेन्सिलची रेघही पुसलेली नाही. रंग संपला असेल असं मला वाटलं, पण त्यांच्या पुढचा चौकोन भरलेला होता, मागचाही.

"हे राहिले का गं?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची धूळ एका बाजूला सारत होती.

"त्या दिशी वर बघितलंच न्हाई सर."

मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे रात्री घरी गेल्यावरही ठरवता आलं नाही. त्या वेळी खिशातून पेन्सिल काढली होती, त्या तीन चौकोनांच्या शेजारी समासात काहीतरी लिहावं, निदान बघितल्याची खूण करावी म्हणून. टोक कागदाला टेकवलं आणि उचललं. ती वहीकडं बघत होती, माझ्या हाताकडं बघत होती. मग तिनं वही हळूच ओढून घेतली.

"आजचा राहिलाय," म्हणाली, आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून मैदानात गेली.